संत्रापट्ट्यात केव्हा जावे? वरूड, मोर्शी, काटोलकडे पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी ऋतुमानाचे मार्गदर्शन

नाशिकच्या द्राक्षमळ्यांची सहल ज्यांनी केली आहे त्यांना तिथली सोय ठाऊक असते. द्राक्षकाढणीचा मुख्य हंगाम जानेवारी ते मार्च असला तरी वायनरी बारमाही उघडी असते. ठरलेल्या तासाला आत जावे, फिरून यावे, आणि वेलीवर घड नसले तरी दिवस वाया जात नाही. विदर्भाच्या संत्रापट्ट्याकडे प्रथमच येणारे लोक हीच अपेक्षा बाळगून येतात आणि पुष्कळदा मुलांच्या सुट्टीत, म्हणजे मे महिन्यात, ४५ अंशांच्या उन्हात पाने मलूल पडलेल्या बागेच्या कडेला येऊन उभे राहतात. इथे तिकीटखिडकी नाही, मार्गदर्शक नाही, चव घेण्यासाठी सजवलेली खोलीही नाही. बाग हा शेतकऱ्याच्या घरचा व्यवसाय आहे, आणि तिथे पाहण्याजोगे जे असते ते झाडाच्या व पावसाच्या सोयीने येते. त्यामुळे येण्याची वेळ आधी नीट ठरवली पाहिजे; बाकीच्या गोष्टी त्यामागून सहज जुळतात.

पायरी १ : कोणत्या भागात जायचे ते ठरवा

संत्रापट्टा म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याशी, वर्धा नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेला मुलूख. नदीच्या पश्चिमेला अमरावती जिल्ह्यातील वरूड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर हे तालुके, तर पूर्वेला नागपूर जिल्ह्यातील काटोल, नरखेड, कळमेश्वर आणि सावनेर. वर्धा जिल्ह्यातील कारंजा आणि आष्टी या तालुक्यांतही बागा आहेत. वरूडला ‘विदर्भाचा कॅलिफोर्निया’ म्हणण्याची जुनी पद्धत आहे आणि बागांची दाटी पाहायची असेल तर तेच गाव मुक्कामाचे ठिकाण धरावे. ज्यांना नागपुरात राहून एका दिवसात जाऊन यायचे आहे त्यांनी काटोल निवडावे; नागपूरपासून ते साधारण ६० किलोमीटरवर आहे.

फळ सर्वत्र एकच, नागपुरी संत्रा. त्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. वरूडचा शेतकरीही आपल्या मालाला नागपुरी संत्राच म्हणतो, तेव्हा नावावरून गोंधळून फक्त नागपूर शहराभोवती बागा शोधत बसू नये.

पायरी २ : बहार समजून घ्या

नवख्या माणसाने सर्वाधिक लक्ष द्यावे अशी ही पायरी आहे. संत्र्याच्या झाडाला आपल्या हवामानात वर्षातून एकाहून अधिक वेळा फुले येऊ शकतात. पण सगळ्या वेळी फळे धरू दिली तर झाड खचते. म्हणून शेतकरी एका बागेत सहसा एकच बहार, म्हणजे फुलण्या-फळण्याचा एकच हंगाम, धरतो. विदर्भात मुख्यतः दोन बहार घेतले जातात. आंबिया बहाराची फुले जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीत येतात आणि फळे ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत, कधी जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत तोडली जातात. मृग बहाराची फुले जून-जुलैत येतात आणि फळे पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरतात. हस्त बहार नावाचा तिसराही एक प्रकार आहे, त्याची फुले सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लागतात. परंतु तो धरणारे शेतकरी थोडे, त्यामुळे सहलीच्या हिशेबात तो सोडून दिला तरी चालेल. फुलापासून फळ पिकेपर्यंत आठ-नऊ महिने जातात.

झाडाला फुलांवर आणण्यासाठी आधी ‘ताण’ द्यावा लागतो, म्हणजे त्याचे पाणी तोडावे लागते. आंबिया बहारासाठी हे काम डिसेंबर-जानेवारीची थंडी बरेचसे स्वतःच करते; थंडीने झाडाची वाढ थांबते, शेतकरी पाणी बंद करतो, आणि पाने सुकून खाली माना टाकू लागली की खत देऊन पुन्हा पाणी सोडतो. मृग बहारासाठी हाच ताण एप्रिलच्या अखेरीपासून मे महिनाभर भर उन्हात द्यावा लागतो. हलक्या, मुरमाड जमिनीत ताण लवकर बसतो, तर भारी काळ्या जमिनीत ओल आत धरून राहत असल्यामुळे त्याला अधिक दिवस लागतात. एकाच गावाच्या शिवारात दोन शेजाऱ्यांच्या बागा आठ-पंधरा दिवसांच्या फरकाने फुलतात त्याचे हे एक मुख्य कारण आहे.

मे महिन्यात दिसणाऱ्या सुकल्या बागेचा उलगडाही यातच आहे. ती बाग वाळलेली नसते. तिला मुद्दाम तहानलेली ठेवलेली असते. नेमक्या त्याच दिवसांत अवकाळी पावसाची एखादी मोठी सर आली तर ताण तुटतो, फुलांऐवजी नवती, म्हणजे कोवळी पालवी, फुटते आणि वर्षाचे गणित बिघडते. उलट जून कोरडा गेला तर ताण लांबून झाडाचे नुकसान होते. मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागते, पण पाऊस त्याच दिवशी हजर होईल याची हमी नसते; विदर्भात मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे जूनच्या मध्यास पोहोचतो आणि अनेकदा त्यालाही उशीर होतो. म्हणूनच मृगाची फुले पाहण्यासाठी दोन महिने आधी रेल्वेचे आरक्षण करून येणे मला शहाणपणाचे वाटत नाही. आंबियाचे तसे नाही. डिसेंबर-जानेवारीत ढगाळ हवा किंवा पाऊस झाला तर त्याचाही ताण बिघडतो हे खरे, तरी एकंदरीत त्याच्यावर अधिक विसंबता येते.

पायरी ३ : महिना निवडा

बहुतेक सल्लागार ‘नोव्हेंबर-डिसेंबर’ असे सरधोपट उत्तर देतात. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. फक्त एकदाच येणे शक्य असेल तर फेब्रुवारीचे पहिले तीन आठवडे धरावेत, असे माझे मत आहे. त्या दिवसांत मृग बहार धरलेल्या बागेत फळ पिकून तोडणीला आलेले असते आणि बांधापलीकडच्या आंबियाच्या बागेत त्याच वेळी पांढरी फुले लागलेली असतात. फूल आणि पिकले फळ एकाच शिवारात, एकाच सकाळी पाहण्याची संधी वर्षात फक्त याच सुमारास मिळते. दिवसाचे तापमान ३१ ते ३३ अंश, रात्रीचे १५ ते १७. सकाळी एक पातळ स्वेटर लागतो, दुपारी तो हातात घेऊन फिरावे लागते. फुलांचा वास सूर्य वर येण्याआधी सर्वांत दाट असतो आणि दहा वाजेपर्यंत तो बराच विरतो, म्हणून बागेत पोहोचण्याची वेळ सकाळी सात-साडेसातची ठेवावी. फुललेल्या झाडाजवळ मधमाश्यांचा वावर असतो. फांद्या हलवू नयेत, मुलांनाही आधीच तशी समज द्यावी.

या दिवसांतला एकच मोठा धोका म्हणजे गारपीट. फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भात वादळी पाऊस आणि गारा होण्याचा अनुभव नवा नाही. प्रवाशाचे त्यात फार तर एका दिवसाचे नुकसान होते, पण शेतकऱ्याच्या तोडणीला आलेल्या फळाला गारेचा मार बसला की डाग पडतात, फळ गळते आणि भाव कोसळतो. अशा वेळी आपण तिथे असलो तर बाग पाहण्याचा आग्रह धरू नये.

नोव्हेंबर आणि डिसेंबर हा दुसरा चांगला काळ. मोसमी पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात विदर्भातून परततो, त्यानंतर काही दिवस उकाडा होतो आणि दिवाळीच्या आसपास हवा पालटते. नोव्हेंबरात दुपारी ३० अंशांच्या आसपास आणि रात्री १४ ते १७ अंश असे तापमान असते. डिसेंबरच्या अखेरीस आणि जानेवारीत किमान तापमान १० ते १२ अंशांवर येते, थंडीची लाट असली तर त्याहूनही खाली जाते. उघड्या शिवारात, विशेषतः पाणी दिलेल्या बागेत, हा गारवा आकड्याहून अधिक बोचतो. मुंबईच्या पाहुण्यांनी शाल, कानटोपी आणि पायमोजे आणले तर कोणी हसणार नाही.

आंबियाच्या फळाविषयी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. ऑक्टोबरच्या अखेरीस झाडावरचे फळ खाण्याजोगे असूनही सालीवर हिरवी झाक असते, आणि चित्रातला केशरी रंग डोळ्यांपुढे ठेवून आलेले पाहुणे हिरमुसतात. सालीतला हिरवा रंग जाऊन केशरी रंग चढण्यासाठी रात्रीचा गारवा लागतो; आतला रस त्याआधीच तयार झालेला असतो. म्हणून छायाचित्रांची हौस असलेल्यांनी डिसेंबरचा पहिला पंधरवडा गाठावा. चवीच्या दृष्टीने मात्र मृगाचे फळ अधिक गोड मानले जाते, आंबियाच्या फळात आंबटपणा थोडा जास्त असतो. बाजारातही मृगाच्या मालाला बहुधा बरा भाव मिळतो. दिवाळीच्या चार-पाच दिवसांत तोडणीचे मजूर घरी असल्यामुळे काम बहुतेक ठिकाणी थांबते. ते दिवस टाळावेत.

डिसेंबरच्या उत्तरार्धात येणाऱ्यांना बहिरमची यात्रा जोडून घेता येते. चांदूर बाजार तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी भरणारी ही यात्रा जानेवारीतही चालू असते आणि मातीच्या हंडीत शिजवलेले मटण व रोडगे (विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे) यांसाठी तिची ख्याती आहे. संध्याकाळी तिथे थंडी चांगलीच असते. शेकोटीजवळची जागा लवकर धरावी. शाकाहारी मंडळींची रोडगे आणि वांग्याच्या भाजीवर उत्तम सोय होते.

मार्चच्या मध्यापर्यंत मृगाची तोडणी बऱ्याच ठिकाणी सुरू असते, पण दुपारचे तापमान ३६ अंशांच्या पुढे जाऊ लागते. महाशिवरात्रीला मोर्शी तालुक्यातील सालबर्डी येथे मोठी यात्रा असते. दर्शनाला जायचे असेल तर अवश्य जावे, निव्वळ बागांसाठी येणाऱ्यांनी मात्र त्या दोन-तीन दिवसांत मोर्शीकडचे रस्ते आणि बसगाड्या भरलेल्या असतील हे गृहीत धरावे.

एप्रिल, मे आणि जूनचा पूर्वार्ध यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. येऊ नये. मे महिन्यात पारा ४४ ते ४६ अंशांपर्यंत चढतो, नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या, दिवसांत रात्रीही भिंती तापलेल्या राहतात आणि कूलरशिवाय झोप लागत नाही. त्याहून महत्त्वाचे कारण पाण्याचे आहे. वरूड आणि मोर्शी तालुक्यांत भूजलाचा उपसा प्रमाणाबाहेर झालेला असून बोअर शेकडो फूट खोल गेले आहेत. त्या दिवसांत आंबियाची लहान फळे झाडावर टिकवण्यासाठी शेतकरी थेंबाथेंबाचा हिशेब करत असतो. घरात पाहुण्याला नाही म्हणण्याची पद्धत वऱ्हाडात नाही, म्हणूनच पाहुण्याने आपण होऊन ते महिने टाळावेत. लग्नकार्यासाठी यावेच लागले तर सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर बाहेर पडावे, डोक्याला आणि कानांना दुपट्टा घट्ट बांधावा, जवळ पाणी ठेवावे आणि कैरीचे पन्हे दिले तर औषध समजून प्यावे. डोके दुखणे, मळमळ, अंग तापूनही घाम न येणे ही ऊन लागल्याची लक्षणे दिसताच सावलीत झोपवून अंग ओल्या फडक्याने पुसावे आणि दवाखाना गाठावा.

पावसाळा हिरवा असतो, पण बागेत जाणे जिकिरीचे असते. डांबरी रस्ता सोडून पांदणीला लागले की काळी चिकण माती चाकाला धरते, मडगार्डमध्ये चिखल गच्च बसतो आणि दुचाकी जागची हलत नाही. चारचाकी रुतली तर ट्रॅक्टर बोलवावा लागतो. ऑगस्ट-सप्टेंबरात आंबियाची फळे हिरवी, मुठीएवढी झालेली असतात आणि फळगळीचा काळही तोच असतो. बांधावर गळलेल्या फळांचे ढीग दिसले तर त्यांची छायाचित्रे काढू नयेत, एवढे ताळतंत्र पाळावे. जुलै-ऑगस्टमध्ये यायचेच असेल तर वरूड तालुक्यातील शेंदूरजना घाटच्या रोपवाटिका पाहाव्यात. जंबेरी या रानटी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधून तयार केलेल्या कलमा घेण्यासाठी त्या दिवसांत दूरदूरचे शेतकरी तिथे येतात. मोर्शीजवळ सिंभोरा येथील अप्पर वर्धा धरण भरले की त्याच्या १३ दारांतून सोडलेले पाणी पाहायला गर्दी लोटते. अचलपूर-परतवाड्यावरून वर चिखलदऱ्यालाही जाता येते. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी त्या घाटात वाहनांची रांग लागते, म्हणून मधले वार निवडावेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र वरूडहून मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याकडे निघू नये. त्या दिवशी तिथे जाम नदीत गोटमार होते आणि दगडफेकीत दरवर्षी माणसे जखमी होतात.

पायरी ४ : आठवडा फोन करून पक्का करा

महिना कागदावर ठरवता येतो, आठवडा मात्र ठरवता येत नाही. निघण्याच्या आठ-दहा दिवस आधी गावातल्या ओळखीच्या माणसाला, ओळख नसेल तर मुक्कामाच्या लॉजवाल्याला किंवा तालुक्याच्या कृषी कार्यालयाला फोन करून तीन प्रश्न विचारावेत : तोडणी सुरू झाली का, फुले उमलली की अजून कळ्याच आहेत, आणि गेल्या आठवड्यात पाऊस झाला का. ‘सध्या वातावरण कसे आहे?’ असे मोघम विचारले तर ‘मस्त आहे, या’ असेच उत्तर येते.

त्यानंतर नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्हानिहाय अंदाज पाहावा. पिवळा इशारा असेल तर सावध राहून प्रवास करता येतो. नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर सहल सरळ पुढे ढकलावी. मार्च ते ऑक्टोबरच्या दरम्यान येणाऱ्यांनी विजेची सूचना देणारे ‘दामिनी’ हे ॲप मोबाइलमध्ये घ्यावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने ते तयार केले आहे. दुपारनंतर ढग दाटून गडगडाट सुरू झाला की झाडाखाली थांबू नये. बाग सोडून घरात किंवा बंद गाडीत बसावे.

पायरी ५ : प्रवास आणि मुक्काम

मुंबई-पुण्याकडून येणाऱ्यांना बडनेरा किंवा अमरावती हे सोयीचे स्थानक आहे. तिथून मोर्शीमार्गे वरूडपर्यंत एसटी मिळते. अमरावती-नरखेड लोहमार्ग चांदूर बाजार, मोर्शी आणि वरूडवरून जातो, आणि वरूडच्या स्थानकाचे नावच ‘वरूड ऑरेंज सिटी’ असे आहे. मात्र या मार्गावर गाड्या मोजक्या असल्याने वेळापत्रक पाहूनच त्यावर भिस्त ठेवावी. काटोल आणि नरखेड ही स्थानके नागपूर-इटारसी मार्गावर आहेत. बागा रस्त्यापासून आत असतात, त्यामुळे शेवटच्या टप्प्यासाठी ऑटो दिवसभराच्या बोलीने ठरवून घेणे बरे.

वरूड आणि मोर्शीत साधी लॉज आहेत. लग्नसराईत ती वऱ्हाडाने भरून जातात. तुळशीच्या लग्नानंतर येणाऱ्यांनी खोली आधी सांगून ठेवावी. अधिक सोयी हव्या असतील तर अमरावतीत राहावे. संशोधनाची बाजू जाणून घ्यायची असेल तर काटोलला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आणि नागपुरात अमरावती रस्त्यावर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. दोन्हीकडे जाण्यापूर्वी परवानगी घ्यावी.

पायरी ६ : बागेत शिरताना

आधी मालकाला विचारावे, हे तर उघडच आहे. पण संत्र्याच्या बागेत तेवढ्याने भागत नाही. पुष्कळ शेतकरी फळ झाडावर असतानाच बाग व्यापाऱ्याला विकतात. इसार दिला-घेतला गेला की झाडावरचा माल व्यापाऱ्याचा होतो आणि राखणीला त्याचा माणूस बसतो. अशा बागेतले एक फळ तोडून पाहुण्याच्या हातावर ठेवणेही मालकाला अवघड जाते. म्हणून ‘बाग दिली का?’ असे आधी विचारावे, आणि दिली असेल तर राखणदाराशीही दोन शब्द बोलावेत. असे विचारणारा पाहुणा अडाणी नाही हे समोरच्याला लगेच कळते आणि पुढचे बोलणे मोकळे होते.

आत गेल्यावर खाली पाहून चालावे. दोन्ही बाजूंना ठिबकच्या नळ्या पसरलेल्या असतात आणि टाचेखाली आलेली नळी फाटली की त्या ओळीचे पाणी तुटते. झाडांची खोडे जमिनीपासून तीन-एक फुटांपर्यंत निळसर पांढरी रंगवलेली दिसतील. तो सजावटीचा चुना नव्हे. मोरचूद, चुना आणि पाणी यांची ती बोर्डो मलम आहे, १० लिटर पाण्यात प्रत्येकी एक किलो या प्रमाणात कालवलेली. डिंक्या रोगापासून खोड वाचवण्यासाठी पावसाळ्याच्या आधी आणि नंतर ती ब्रशने लावतात. ओली असेल तर कपड्यांना लागते आणि तो डाग निघत नाही. फळांनी वाकलेल्या फांद्यांना बांबूचे टेकू दिलेले असतात, त्यांना धरू नये. फवारणी सुरू असेल किंवा नुकतीच झाली असेल तर बागेत जाऊच नये, आणि झाडावरचे फळ धुतल्याशिवाय तोंडात घालू नये.

तोडणी पाहायची असेल तर सकाळ गाठावी. मजूर फळ ओढून काढत नाहीत. देठाशी बोटे नेऊन किंचित पीळ देत ते अलगद सोडवतात, कारण ओढलेल्या फळाची साल देठाजवळ फाटते आणि ते वाटेतच सडते. तोडलेला माल सावलीत तणसावर ओतून लहान-मोठा वेगळा केला जातो आणि मग कॅरेटमध्ये भरला जातो. निवड करणाऱ्या बायांचा हात इतका सरावलेला असतो की त्या फळाकडे फारसे पाहतही नाहीत. त्यांच्याशी बोलावे, पण रांगेच्या मध्ये उभे राहू नये. त्यांची मजुरी कामाच्या उरकावर असते.

पायरी ७ : फळ विकत घेताना

बागेत भाव टनाचा असतो आणि पाहुण्याला हवी असतात दोन-चार डझन. घासाघीस न करता एक कॅरेट घ्यावे हे उत्तम. काटोल-वरूड रस्त्यावर हंगामात शेतकरी स्वतः ढीग लावून बसतात, तिथेही चांगला माल मिळतो. बांगलादेशाने आयातशुल्क वाढवल्यापासून मोठा खरेदीदार आखडला आहे आणि आकाराने लहान फळाचे तर विकणे अवघड होऊन बसले आहे. चवीला ते मोठ्या फळाइतकेच असते, तेव्हा लहान फळ मागून घ्यायला संकोच करू नये.

फळ निवडताना रंगाला भुलू नये. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागले पाहिजे. साल आतून सुटून फुगलेली, दाबल्यावर पोकळ लागणारी असेल तर ते फळ झाडावर जास्त दिवस राहिलेले समजावे; त्यात रस कमी निघतो. देठाजवळ मऊ पडलेले फळ कॅरेटमध्ये राहू देऊ नये, शेजारचीही नासवते. परतीच्या प्रवासात प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत फळ भरू नये. गरमीने त्याला घाम सुटतो आणि बुरशी धरते. कॅरेट नसेल तर भोके पाडलेल्या खोक्यात तळाला तणस किंवा कागद घालून भरावे, गाडीत उन्हाच्या बाजूला ठेवू नये, आणि घरी पोहोचताच जमिनीवर एकेरी थरात पसरून डागी फळे आधी संपवावीत. एवढी काळजी घेतली तर फेब्रुवारीत नेलेला माल आठवडाभर सहज टिकतो. मार्चच्या उन्हात नेलेला मात्र तीन-चार दिवसांतच खाऊन टाकावा.